कोसारोवच्या भट्टीचं 'परत घ्या' बटण

"करून देतो की, त्यात काय एवढं," हे वाक्य माणसाने तोंडात बदकाचा घास असताना बोलू नये. घास असला की आवाज भरीव येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गडी अगदी ठाम आहे. बोहदान स्कोउपिल ठाम वगैरे काही नव्हता. सासुरवाडीला रविवारचं जेवण चाललं होतं, पानात बदक, कोबी आणि उकडलेले पिठाचे गोळे होते, आणि विषय बदलावा एवढीच त्याची इच्छा होती. विषय नेहमीचाच होता. जावई नेमकं करतो काय?

कोसारोव गावात हा प्रश्न लग्न झाल्यापासून लोंबकळत होता. सासरे आलोइस गालेटा यांनी जन्मभर लोकांच्या घरांची छपरं घातली. गावात कुठेही उभं राहून हात वर केला की त्यांचं काम दाखवता यायचं. बोहदानचं काम दाखवायचं कसं? तो ब्रनो शहरात, ऑफिसात बसून पडद्यावरची बटणं करायचा. म्हणजे प्रोग्रॅमसुद्धा नाही. प्रोग्रॅम करणाऱ्यांना जी बटणं, खिडक्या, याद्या, सरकपट्ट्या लागतात, त्यांचा तयार माल पुरवायचा. घर बांधणारा वेगळा आणि कड्या-कोयंडे घडवणारा वेगळा, हा कोयंडेवाला. त्यातही गेली काही वर्षं तो कोयंडेसुद्धा घडवत नव्हता. कोयंडा दाराच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर असावा, याची नियमावली लिहिणाऱ्या मंडळावर होता.

हसू नका. त्या नियमावलीत चांगल्या चांगल्या माणसांची उमेद खर्ची पडली आहे. दोन बटणं शेजारी असली तर मुख्य बटण उजवीकडे असावं की डावीकडे, यावर ब्रनोत असं रामायण झालं, की डावीकडचा एक उमदा सहकारी शेवटी राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षाच्या बटणवाल्यांना जाऊन मिळाला. अजूनही ट्रॅममध्ये दिसला तर तो खिडकीबाहेर बघतो. बोहदान उजवीकडचा. पण हे सगळं सासऱ्यांना बदक खाताना कसं सांगणार?

"जावईबापू," गालेटा म्हणाले, "भट्टीला नवा पंप आलाय. पंपाबरोबर काचेचा पडदा आलाय. पण पडदा कोरा. विकणारा म्हणतो, त्यावर काय दिसायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही पडद्यातलेच ना?"

"हो, म्हणजे तसा—"

"मग करा की काहीतरी. गावात मला विचारतात."

टेबलाखालून हेद्विकाने नवऱ्याला लाथ मारली. तिचा अर्थ 'नाही म्हण' असा होता. बोहदानला तो 'हो म्हण' असा लागला, आणि ते वर सांगितलेलं वाक्य त्याच्या तोंडून गेलं.

भट्टी म्हणजे गावातल्या बागवाल्यांच्या संघाची. शरद आला की जो तो आपापल्या झाडांची फळं पिंपात आंबवतो, तो सडवा घेऊन भट्टीवर जातो आणि नंबर लागला की आपल्याच फळांची दारू घेऊन घरी येतो. ज्याची झाडं त्याची दारू, त्यात दुसऱ्याच्या फळाचा थेंब नाही; घराण्याची इभ्रत त्यावर असते. त्या वर्षी गालेटांच्या आलुबुखारांना असा बहर आला होता की फांद्यांना टेकू द्यावे लागले. ती झाडं सासूबाईंनी नात जन्मली त्या साली लावलेली. सासूबाई आता नव्हत्या, आणि नात आनेझ्काचं, म्हणजे बोहदान-हेद्विकाच्या लेकीचं, जूनमध्ये लग्न होतं, तेही प्लझेनच्या मुलाशी. प्लझेनचे लोक म्हणजे बिअरवाले. "त्या बिअरवाल्यांना कळू दे," गालेटा म्हणायचे, "आजीच्या झाडांची स्लिवोवित्से म्हणजे काय असते." लग्नात तीच घरच्या आलुबुखाराची दारू द्यायची हे ठरलेलं होतं, आणि म्हाताऱ्याने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

बोहदानने ब्रनोला परत येऊन मनापासून काम केलं. पडद्यावर दोन टाक्या, मध्ये तांब्याचा हंडा, खाली एकच मोठं बटण, आणि बाकी स्वच्छ पांढरी जागा. असं देखणं काम त्याच्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. ते घेऊन तो अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये संघाच्या सभेला उभा राहिला.

संघाच्या अध्यक्ष मिलादा कोलायोवा. पूर्वी गावच्या पोस्टमास्तरीण होत्या, त्यामुळे गावात कुणाला कुणाचं पत्र येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. गालेटांच्या शेजारीच राहायच्या, आणि दोघांमध्ये विस्तवही जात नव्हता. कारण त्यांचं नासपतीचं झाड. ते कुंपणावरून गालेटांच्या अंगणात वाकलेलं होतं, आणि पडलेली नासपती गालेटा दर रविवारी, बाई चर्चमध्ये गेल्या की, एकेक करून कुंपणापलीकडे फेकायचे. दोघं एकमेकांना 'अध्यक्षीणबाई' आणि 'गालेटासाहेब' म्हणायचे. यातला आदर ऐकून अंगावर काटा यायचा.

"एवढी पांढरी जागा का सोडलीय?" मिलादाबाईंनी विचारलं.

"डोळ्यांना विसावा म्हणून," बोहदान म्हणाला.

"विसाव्याला घरं आहेत. तिथे संघाचं बोधचिन्ह टाका."

"आणि घड्याळ," भट्टीवाला हानाक म्हणाला. हा हानाक वडिलांच्या काळापासून भट्टी चालवत होता आणि चष्मा लावायला कमीपणा समजायचा. "भलंमोठं घड्याळ. मला हातातलं दिसत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं हवामानही दाखवा. खाटीक म्हणाला, एक कोपरा मला द्या, डुक्कर कापल्याची वर्दी लावता येईल. बोहदान समजावत राहिला की गर्दी झाली की माणूस गोंधळतो, हे जगभर तपासून सिद्ध झालेलं आहे. लोकांनी माना डोलावल्या आणि खाटकाच्या कोपऱ्याला मंजुरी दिली.

"आणि ह्या वरच्या तीन रेघा कसल्या?" मिलादाबाई.

"त्यावर बोट ठेवलं की बाकीची यादी उघडते."

"मग 'यादी' असं का नाही लिहिलं?"

हा प्रश्न ब्रनोच्या मंडळात आला असता तर निदान उपसमिती तरी नेमता आली असती.

बटणाच्या रंगावर तर थेट मतदान झालं. बोहदानचं म्हणणं, लाल रंग फक्त धोक्याच्या कामासाठी राखायचा असतो. हानाक म्हणाला, "आमच्याकडे लाल म्हणजे हंडा तापला, काम नीट चाललंय." एक गट हिरव्यावर अडून बसला. शेवटी तडजोड म्हणून आलुबुखाराचा जांभळा पास झाला. नियमावलीत जांभळ्याबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यामुळे विरोध कोणत्या आधारावर करावा तेच बोहदानला समजेना. त्याने निमूटपणे लिहून घेतलं.

पुढची पायरी म्हणजे चाचणी. खऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवायचं, एक काम द्यायचं आणि आपण गप्प राहायचं, असा शास्त्रशुद्ध रिवाज आहे. बोहदानने पहिल्यांदा सासऱ्यांनाच बसवलं.

"बाबा, समजा पहिल्या टाकीतला सडवा हंड्यात घ्यायचाय. करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा."

"मनात येईल ते?"

"हो. काहीही. मला त्यातून कळतं."

गालेटांनी घसा साफ केला. "मनात येतंय की हा पडदा तिरका बसवलाय. मनात येतंय की अध्यक्षीणबाईंनी आतापर्यंत ती फांदी तोडायला हवी होती. त्यांच्या नवऱ्याने तोडली असती, तो माणूस सरळ होता. मनात येतंय की आज गुडघा दुखतोय. मनात येतंय की माझी बायको असती तर म्हणाली असती, पोराला त्रास देऊ नका." बोहदानने कागदावर लिहिलं, 'बटण दिसलं नाही.'

हानाकने ते बटण पाहिलं, पण हात सडव्याने बरबटलेले म्हणून कोपराने दाबलं, आणि कोपराने एकदम तीन गोष्टी दाबल्या गेल्या. मग बोहदानने सगळं कोपराच्या मापाचं केलं. कोपराचं माप त्याच्या नियमावलीत नव्हतं, आणि ही मोठीच उणीव आहे असं त्याला त्या दिवशी प्रथम वाटलं.

एवढं झाल्यावर अबकारी खात्याचे निरीक्षक क्वापिल तपासणीला आले. भट्टीला मोहर लावायची आणि काढायची सत्ता त्यांची. क्वापिल सज्जन, कमी बोलणारे, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बघणारे. त्यांनी जांभळं बटण दाबून पाहिलं. पंप घरघरला. क्वापिल दचकले.

"दाबलं की लगेच सुरू?"

"लगेच," बोहदान अभिमानाने म्हणाला.

"आधी काही विचारत नाही? 'नक्की करू का?' असं?"

बोहदानचा चेहरा खुलला. सबंध नियमावलीतलं हे त्याचं स्वतःचं प्रकरण, एकट्याने लिहिलेलं. "साहेब, विचारून काही उपयोग नसतो. माणूस वाचत नाही, 'हो' दाबून मोकळा होतो. तुम्ही स्वतः असला प्रश्न शेवटचा कधी वाचलात?"

क्वापिल प्रामाणिक होते. त्यांनी आठवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तेच म्हणतो मी. विचारायचं नाही. माणसाला करू द्यायचं, आणि चुकलं तर परत घ्यायची सोय ठेवायची. आमच्या सगळ्या कामाचा पाया आहे तो."

"कागदावर ठीक आहे. पण हा सडवा आहे. परत कसा घेणार?"

इथे खरं तर थांबायला हवं होतं. 'बरोबर आहे साहेब, एक प्रश्न घालतो' म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण जांभळं बटण, खाटकाचा कोपरा, भलंमोठं घड्याळ, एवढा अपमान गिळलेल्या माणसाला कुठेतरी पाय रोवावासा वाटतोच. "पंप उलटा फिरवून," बोहदान म्हणाला. हे त्याला त्याच क्षणी सुचलं होतं.

क्वापिलनी हानाककडे पाहिलं. हानाकने पंपाकडे पाहिलं. "फिरतो उलटा," तो म्हणाला. "बिया अडकल्या की फिरवावाच लागतो."

झालं. त्या आठवड्यात बोहदानने पडद्यावर आणखी दोन बटणं बसवली, 'परत घ्या' आणि 'पुन्हा करा'. एकच नाही, कितीही पावलं मागे जाता यावं अशी सोय केली, कारण नियमावलीत तसंच आहे.

"अरे, एक प्रश्न विचारायला काय जातं?" हेद्विका म्हणाली.

"तत्त्व जातं," बोहदान म्हणाला.

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी भट्टी सुरू झाली. तुतारी वाजली, मिलादाबाईंनी चार शब्द सांगितले, बायकांनी गोड पोळ्यांची ताटं फिरवली. आता खरी अडचण अशी, की मोसमातला पहिला नंबर कुणालाच नको असतो. कोरड्या नळ्या पहिल्याचा माल थोडा पितातच. पण जावयाचं यंत्र, मागे कसं राहणार? गालेटांनी छाती काढून पहिला नंबर घेतला. त्यांचा सडवा पहिल्या टाकीत गेला. दुसरा नंबर मिलादाबाईंचा, त्यांचा नासपतीचा सडवा दुसऱ्या टाकीत तयार ठेवला होता.

गालेटांनी टोपी काढून जांभळं बटण दाबलं. पंप घरघरला, हंडा भरू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोहदानला इतकं बरं वाटलं की त्याने हेद्विकाचा हात धरला.

गालेटांचं लक्ष मात्र काचेच्या नळीवर होतं. "अध्यक्षीणबाईंच्या बाजूच्या नळीत माझा माल जातोय."

"ती दोघांची नळी आहे," हानाक म्हणाला.

"म्हणजे मी हिच्या नळ्या भिजवायच्या आणि हिने मागून आरामात यायचं?" आणि गालेटांनी 'परत घ्या' दाबलं.

पंप थांबला, उलटा फिरला, आणि सगळा आलुबुखार गुमान पहिल्या टाकीत परत आला. लोक थक्क झाले. "बघा," बोहदान क्वापिलना म्हणाला, "बघा साहेब."

"हा पोरखेळ आहे का, गालेटासाहेब?" मिलादाबाई पुढे आल्या. "पहिला नंबर तुम्हीच मागून घेतलात." त्यांनी 'पुन्हा करा' दाबलं. हंडा परत भरू लागला. हानाकला वाटलं, एवढी गर्दी आहे तर दुसरी टाकीही एकदा तपासून घ्यावी. त्याने तिची झडप उघडली, आत डोकावून पाहिलं आणि कोपराने लावून घेतली.

यंत्राला कोपर कळत नाही. परत घेतलेला माल ते शेवटच्या उघडलेल्या टाकीत धाडायचं, आणि त्याच्या लेखी ती टाकी आता दुसरी झाली. गालेटांनी पुन्हा 'परत घ्या' दाबलं, आणि त्यांच्या बायकोने लावलेल्या झाडांचा सडवा सगळ्यांच्या देखत मिलादाबाईंच्या नासपतीत जाऊन पडला.

"माझी टाकी," मिलादाबाई ओरडल्या आणि त्यांनी 'पुन्हा करा' दाबलं. जे मिसळलं होतं ते हंड्यात आलं. गालेटांनी परत घेतलं. बाईंनी पुन्हा केलं. "हात काढा, दोघंही हात काढा," म्हणत बोहदान मध्ये घुसला आणि निस्तरायला म्हणून त्याने स्वतः 'परत घ्या' दाबायला सुरुवात केली. यंत्राने प्रत्येक पाऊल इमानाने लक्षात ठेवलेलं होतं. तो एकेक पाऊल मागे जाऊ लागला, आणि प्रत्येक पावलाला पंप सगळा माल या टाकीतून हंड्यात, हंड्यातून त्या टाकीत नेऊ लागला. त्या सकाळी सर्वांत जास्त मिसळामिसळ कुणी केली असेल तर ती बोहदाननेच. शेवटी हानाकने प्लग उपटला. दोन्ही टाक्यांत आणि हंड्यात एकाच रंगाचं, एकाच वासाचं काहीतरी डुचमळत होतं. वास मात्र फार सुरेख येत होता.

गालेटा ओरडले असते तर परवडलं असतं. ते एका पालथ्या बादलीवर बसले. "तिने लावलेली झाडं होती," एवढंच म्हणाले, आणि ते जावयाला नाही, जमिनीला उद्देशून म्हणाले. बोहदानला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. हेद्विकाने त्याच्या हातातून हात कधीच काढून घेतला होता.

"उकळू या की," हानाक म्हणाला. "वास तर चांगला आहे."

"नाही उकळता येणार," क्वापिल हळूच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. तेही त्याच मुलुखातले. "एका घरचा सडवा त्या घरच्याच फळांचा लागतो. यात कुणाचं काय आणि किती, कोण सांगणार? मला ओतून द्यायला सांगावं लागेल."

ओतून देणं हा शब्द भट्टीवर आजवर कुणी उच्चारला नव्हता. तुतारीवाल्याने तुतारी पिशवीत घातली.

"साहेब, याला काहीच मार्ग नाही?" बोहदानने विचारलं. "काहीच परत नाही घेता येणार?"

क्वापिलनी नेहमीच्या सवयीने दोनदा विचार केला. "एका घरात राहणाऱ्यांची फळं एकत्र चालतात. म्हणजे, ते खरोखर एका घरात राहत असतील तर."

"मग राहा की दोघं," हानाक म्हणाला. त्याने ते थट्टेत म्हटलं होतं, आणि दोघंतिघं हसलेही.

गालेटा हसले नाहीत. मग टोपी घालून उठले. "मिलादा," ते म्हणाले, आणि अध्यक्षीणबाई न म्हटल्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या, "तुझी वरची खोली रिकामी आहे ना?"

मिलादाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बूट दाराबाहेर काढावे लागतील."

"ते मी माझ्या घरातही काढतो."

"आणि रविवारी चर्चला यावं लागेल. तेवढ्या वेळात अंगणात काय चालतं ते मला ठाऊक आहे."

गालेटांनी मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. "येईन."

"तात्पुरतं," मिलादाबाई म्हणाल्या.

"तात्पुरतंच," गालेटा म्हणाले. "पोरीच्या लग्नासाठी."

क्वापिलनी भट्टीला मोहर लावली आणि बजावलं की नुसतं सांगून चालणार नाही, मी बघायला येईन. आणि ते आलेही. दारात म्हाताऱ्याच्या सपाता होत्या, स्वयंपाकघरात म्हातारा लसणाचं सूप पीत होता, आणि 'मीठ कमी आहे' यावरून जे भांडण चाललं होतं ते ऐकून निरीक्षकांची खात्री पटली की हे एकच घर आहे. त्यांनाही सूप मिळालं. मोहर निघाली आणि नाताळाच्या आत सगळं उतरलं. हानाकने पहिला घोट घेतला, म्हणाला, "हे आलुबुखारही नाही आणि नासपतीही नाही," आणि पुढे काही न बोलता पेला परत पुढे केला. मिलादाबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं, की माझा वाटाही पोरीच्या लग्नालाच द्या. बाटल्या त्यांच्याच तळघरात राहिल्या.

बोहदानचं म्हणाल तर त्याने पडद्यावर एक प्रश्न घातला. मजकूर सभेत ठरला, हानाकच्या शब्दांत: 'नीट बघितलंस का?' खाली दोन बटणं. मुख्य बटण डावीकडे, कारण पडद्याच्या उजव्या बाजूला भिंत आहे आणि तिथे कोपर पोचत नाही. ब्रनोच्या मंडळासमोर त्याने आपल्याच प्रकरणाला दुरुस्ती सुचवली. मंडळाने उपसमिती नेमली आहे.

एप्रिलमध्ये मोसम संपल्याची मोहर लागली, आणि एक घर असण्याची गरज उरली नाही. हेद्विकाने वडिलांचं घर उघडून झाडून घेतलं, शेगडी पेटवून ठेवली, आणि त्यांचं सामान आणायला ती आणि बोहदान गाडी घेऊन मिलादाबाईंच्या दारात थांबले. ती मागच्या सीटवरचा पसारा आवरत होती, म्हणून बोहदान एकटाच आत गेला.

"बस रे बोहदान," गालेटा म्हणाले.

बोहदानने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का. इतक्या वर्षांत 'जावईबापू' आणि 'तुम्ही' यापलीकडे मजल गेली नव्हती.

"बाबा, घर तयार आहे. चलायचं ना?"

गालेटा बटाटे सोलत होते. त्यांनी हातातला बटाटा पूर्ण सोलला. "घरी मला कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "सकाळी उठायचं, रेडिओ लावायचा. तो बोलतो, पण विचारत नाही. ही सारखी विचारते. सूप गरम करू का, खिडकी लावू का, गुडघा कसा आहे. सुरुवातीला वैतागलो मी. मग एकदा ही दोन दिवस बहिणीकडे गेली, तर मला भूक लागलीय की नाही तेच समजेना."

"विचारलं नाही तर आपणहून सांगत नाहीत," शेगडीजवळून मिलादाबाई म्हणाल्या. "तोंड शिवलेलं असतं."

नियमावलीत याबद्दल काही असण्याची शक्यताही नव्हती.

"तळघरातल्या बाटल्या घेऊन जा," गालेटा म्हणाले. "आनेझ्काच्या. पण निम्म्याच."

"निम्म्या? मिलादाबाई तर सगळ्या देणार होत्या."

"ती नाताळातली गोष्ट." गालेटांनी दुसरा बटाटा उचलला. मिलादाबाईंनी पातेल्यात डोकं घातलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तेवढ्या दिसत होत्या. "आधी पोरीचं लग्न होऊ दे. निम्म्या आम्हाला जुलैत लागतील."

बोहदान तळघरात उतरला. बाहेर गाडीत हेद्विकाने वडिलांच्या कपड्यांसाठी मागची सीट रिकामी करून ठेवली होती. तिला हे कसं सांगावं याचा विचार करत तो एका वेळी एकच बाटली उचलून, सावकाश, नेऊन तिथे ठेवू लागला.